शेवटची पंगत

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या घराला तळणाचा वास लागतो आणि तो तुळशीच्या लग्नापर्यंत काही जात नाही. लहानपणी हा वास म्हणजेच मला दिवाळी वाटत असे. आता मात्र कढईत पहिली करंजी सोडली, की माझी नजर आपोआप आत्याच्या उजव्या पावलाकडे जाते. तेथे घोट्याच्या जरा खाली, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, गुळगुळीत आणि फिकट गुलाबी असा एक वण आहे. त्या वणाने मला एका प्रश्नापुढे उभे केले, आणि तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. फराळाच्या ताटाशेजारी जखमेची गोष्ट वाचायला लावतो म्हणून वाचकांनी रागावू नये. ही गोष्ट जितकी जखमेची आहे, तितकीच ताटाचीही आहे.

आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. सव्विसाव्या वर्षी कपाळ पांढरे करून ती माहेरी परतली, आणि तेव्हापासून या घराच्या दोन पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या. मला तिनेच वाढवले. तिच्याविषयी आमच्याकडे एक वाक्य ठरून गेले होते. पाहुणा आला, की कोणीतरी ते म्हणायचेच : "आत्याला काही म्हणून काही लागत नाही." सोमवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, श्रावणातले एकभुक्त, चातुर्मासातले काहीबाही सोडणे; तिच्या उपासांचे दिवस मोजण्यापेक्षा जेवणाचे दिवस मोजणे सोपे. सगळ्यांची पाने झाली, झाकपाक झाली, की मग ती चुलीच्या उबेला बसावी तशी ओट्याखाली पाट घेऊन बसे. काय वाढून घेई, ते पाहायला त्या वेळी स्वयंपाकघरात कोणी नसे.

२०२२ सालच्या वसुबारसेच्या संध्याकाळी करंज्या तळताना झारा निसटला आणि उकळते तेल तिच्या पावलावर सांडले. आम्ही पाण्याची धार धरली, कोरफडीचा गर लावला, दुकानातून मलम आणले. भाजलेली जागा फार मोठी नव्हती. भाऊबीजेपर्यंत बरे वाटेल, असे आम्ही म्हणालो. भाऊबीज गेली, तुळशीचे लग्न लागले, दत्तजयंतीचा पाळणा म्हणून झाला, तरी जखम होती तेवढीच. चिघळली म्हणावे, तर तसेही नव्हते. ती नुसती थांबली होती. कडा फिक्या, तळ ओलसर. एखादे बांधकाम पैशाअभावी अर्ध्यावर सोडून गवंडी निघून जावेत, तशी.

शेवटी तिला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली. ती बेताची निघाली. पायातला रक्तप्रवाह पाहिला, तोही ठीक. मग त्यांनी घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तेथे खळगा तसाच राहिला. त्या क्षणभर त्या खळग्याकडे पाहत राहिल्या. मी खिशातून मलमांची यादी काढली होती. ती त्यांनी हातातही घेतली नाही. त्यांनी विचारले, "आजी, काल सकाळपासून काय काय खाल्लंत, ते सांगा बरं."

आत्या जरा अभिमानानेच म्हणाली, "माझं काय हो खाणं! मला काही लागत नाही."

"तेच विचारतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही लागत नाही म्हणून काय काय खात नाही?"

मग एकेक बाहेर येऊ लागले. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी ताक-भात. दात गेल्यापासून भाकरी सोडलेली. वरणाचे वरचे पाणी भातावर घ्यायचे, खालची घट्ट डाळ मुलांना ठेवायची. चार वाजता पुन्हा चहा आणि टोस्ट. रात्री उरलाच तर ताक-भात, नाहीतर नुसते ताक. उपासाला साबुदाण्याची खिचडी. पण दाण्याचे कूट मुलांच्या खिचडीत, हिच्या वाट्याला जिरे आणि मीठ. मी शेजारीच बसलो होतो. तिच्या घासावर वाढलेला मी, पण ही यादी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

"मलम बाहेरून लावतात," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "जखम आतून भरते. आत सामानच नाही, तर भरणार कशी?"

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे शिकवणे आणि कथा-कादंबऱ्या लिहिणे, एवढाच माझा व्यवहार. पण हे 'सामान' काय असते, ते समजून घेतल्यावाचून मला राहवेना. मिळेल ते वाचले, आणि डॉक्टरीणबाईंना वेळी-अवेळी विचारून भंडावले.

जखम झाली की प्रथम रक्त गोठते. मग पांढऱ्या पेशी येऊन मेलेले आणि कुजके साफ करतात. त्यानंतर विणकर पेशी येतात आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू विणू लागतात. या धाग्यांच्या जाळ्यावर नव्या रक्तवाहिन्या चढतात आणि वरून त्वचा सरकत येऊन जागा झाकते. पुढे कित्येक महिने कच्चे धागे काढून पक्के धागे घालण्याचे काम चालू असते. एवढे करूनही वणाची ताकद मूळ कातडीच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. आता या कामाचा धागा प्रथिनाचा, विणकर पेशी प्रथिनाची, जंतूंशी लढणारे शिपाईही प्रथिनाचे. हे प्रथिन ताटातून आले नाही, तर मजूर हजर आणि विटा नाहीत, अशी गत होते. १९३८ साली फिलाडेल्फियातील शल्यविशारदांनी, ज्यांच्या रक्तात प्रथिने कमी पडली आहेत अशा कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून पाहिल्या, तेव्हा नीट शिवलेल्या जखमाही पुष्कळ ठिकाणी उसवल्या. टाके चांगले होते. ज्यात टाके घातले, तेच कच्चे होते.

पण मला खरा धक्का दिला तो दुसऱ्या एका शोधाने. १९३० च्या सुमारास ग्लासगोच्या रुग्णालयात डेव्हिड कथबर्टसन नावाचे संशोधक हाड मोडलेल्या रोग्यांची लघवी तपासत होते. शरीरातली प्रथिने मोडली की त्यातला नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडतो. मोडलेल्या जागेच्या मानाने हा नायट्रोजन फारच जास्त येत होता. त्यावरून त्यांनी ताडले, की एका पायाचे हाड मोडले तरी साऱ्या देहाचे स्नायू आपले प्रथिन सोडू लागतात. जखम पावलाला होते. वर्गणी दंडाकडून, मांडीकडून, पाठीकडून निघते. कोणी मागत नाही, कोणी पावती देत नाही.

हे वाचले तेव्हा मला प्रथम भरून आले. केवढे हे औदार्य! पण पुढे वाचल्यावर त्या औदार्याचा दुसरा भाग समजला. स्नायूंनी दिलेले रोजच्या अन्नातून त्यांना परत मिळावे लागते. परत मिळाले नाही, तर देह झिजत जातो. डॉक्टर असे मानतात, की चरबी वगळून उरलेल्या देहाचा पाचवा हिस्सा झिजला की जखमेचे भरणे मंदावते, आणि तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास झीज गेली की ते बहुधा थांबतेच. मग देह जखमेला सोडून देतो आणि हृदय, श्वास एवढेच सांभाळत बसतो. थोडक्यात, जो देह देत राहतो आणि ज्याला कोणी परत देत नाही, त्याच्याजवळ स्वतःच्या जखमेसाठीही काही उरत नाही. आत्याची जखम थांबली होती, ती म्हणूनच. आम्ही ज्याला तिचा त्याग म्हणत होतो, त्याला देहाच्या भाषेत झीज म्हणतात.

मास्तरकीची सवय अशी, की हिशोब मांडल्याशिवाय पटत नाही. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने पाटी घेतली. आत्याचे वजन ४२ किलो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या हिशोबाने निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे आत्याला ३५ ग्रॅम. न भरणारी जखम अंगावर असताना डॉक्टर दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम धरतात. म्हणजे ५२ ते ६३ ग्रॅम. आणि ताक-भात, टोस्ट, चहातले दूध आणि वरणाचे पाणी मिळून बेरीज विसापर्यंतही जाईना. साबुदाण्याचा दिवस आला, की तीही कोसळे. शंभर ग्रॅम साबुदाण्यात ग्रॅमभरसुद्धा प्रथिन नसते. मग त्या मुलीने मला न विचारता खाली आणखी एक हिशोब मांडला. आमच्या घरी रोज दोन लिटर दूध येते. कोणाला किती? माझा पेला, तिचा पेला, धाकट्याचा पेला, विरजण, चहा. आत्याच्या नावापुढे तिने लिहिले : चहात.

पाटीवरचा तो एक शब्द पाहून मी गप्प झालो. आमच्या घरात दारिद्र्य नव्हते. डाळ होती, दूध होते, दाणे होते. शंभर ग्रॅम डाळीत २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात २५, लिटरभर दुधात ३२. हे सारे तिच्या हातून रोज जात होते, आणि तिच्या पानापर्यंत पोहोचत नव्हते. उपाशी घरातली उपासमार समजते. भरल्या घरातली कशी समजावी? आम्ही तिचे कौतुक करत होतो, आणि कौतुक हा आम्ही तिला दिलेला सगळ्यांत स्वस्त पगार होता. ज्याच्या त्यागावर आपले पान भरते, त्याची स्तुती करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? मला तर वाटते, ती स्तुती म्हणजे त्याने पुन्हा मागू नये यासाठी केलेली तरतूद असते.

येथवर विचार आला, तेव्हा मी स्वतःवर बराच खूष होतो. घरी सभा भरवावी तसा मी आत्यापुढे बसलो आणि तिला म्हणालो, "आजपासून उपास बंद."

आत्या निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "का रे? माझ्या पानात काय असावं, ते इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. आता विचारायच्या आधीच तू ठरवून मोकळा?"

मला उत्तर सुचेना. ती पुढे म्हणाली, "हे घर भावाचं. मुलं भावाची. लुगडं घ्यायचं तर भावजयीच्या मनाने. एकादशी तेवढी माझी. त्या दिवशी मी कुणासाठी काही करत नाही, माझ्या देवासाठी करते. तीही तुला हवी?"

वाचकहो, प्रश्न अवघड आहे तो येथे. मी तिच्या उपासाला नुसती आमची चूक समजत होतो. ज्या बाईला आयुष्याने स्वतःचे म्हणून काही ठेवले नाही, तिने 'नको' म्हणण्याचा अधिकार तेवढा स्वतःजवळ राखला होता. तो काढून घेणे म्हणजे तिच्या पानावर पुन्हा आमचीच सत्ता. पण म्हणून तिला झिजू द्यावे काय? जो त्याग माणसाचे स्वत्व राखतो आणि जो त्याग माणसाला खातो, त्यांतली रेषा कोणी ओढायची? ज्याच्यासाठी त्याग होतो तो ओढू लागला, तर तो ढोंगी ठरतो. ओढली नाही, तर निर्दय.

मला थोडा मार्ग सापडला तो सुश्रुताकडे. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या चिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांच्या आरंभी अपतर्पण, म्हणजे लंघन आहे. आणि त्याच यादीत पुढे बृंहण, म्हणजे झिजलेल्याला पुष्टी देणे, आणि आहार हेही आहेत. एकाच शास्त्रात उपासही औषध आणि जेवणही औषध. मी आत्याला ते सांगितले. तिने पुष्कळ वेळ विचार केला आणि विचारले, "म्हणजे देवाला माझं न खाणं हवंय, असं नाही?" मी म्हणालो, "देवाचं मला ठाऊक नाही. पावलाला तरी नकोय."

ती हसली, आणि तह झाला. अंडे ती घेणार नव्हती. डॉक्टरीणबाईंनीही आग्रह धरला नाही. मूत्रपिंडे ठीक आहेत, एवढे तपासून त्यांनी सांगितले, की घरातले अन्न पुरे आहे, पण ते पानात पडले पाहिजे. भातात जे अमिनो आम्ल उणे असते ते डाळीत असते, आणि डाळीत जे उणे ते भातात. तेव्हा वरण-भात ही गरिबाची तडजोड नव्हे, चांगली जोडी आहे. मात्र वरण खालचे हवे. मुगाचे घट्ट वरण, दोन वेळा पेलाभर दूध, दही, आमटीत दाण्याचे कूट, दात नाहीत म्हणून ज्वारीची मऊ उकड. एकादशी राहिली, पण साबुदाण्याच्या जागी राजगिरा, दूध आणि कुटाची आमटी आली. जोडीला आवळा, कारण कोलॅजनचे धागे पक्के बांधायला क जीवनसत्त्व लागते. एक दिवसाआड मलमपट्टी चालूच होती, पाय उशीवर असे. जेवणाने चमत्कार झाला, असे मी म्हणणार नाही. पण संक्रांतीला जखमेचा तळ लाल आणि दाणेदार दिसू लागला, होळीपर्यंत ती निम्मी झाली, आणि गुढीपाडव्याला गुढीला नमस्कार करायला आत्या पट्टीवाचून उभी राहिली.

या पथ्यात एक गोष्ट सर्वांत जड गेली, ती म्हणजे आत्याने पहिल्या पंगतीला बसणे. ती पानावर बसे आणि पुन्हा पुन्हा उठू पाही. "मला उरलेलंच गोड लागतं रे," असे काकुळतीने म्हणे. अखेर सवय झाली. घर सुधारले, आपण सुधारलो, असे समाधान मी बाळगले. ते दोन महिने टिकले.

मे महिन्याच्या एका दुपारी मी विसरलेला चष्मा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्याखाली पाट होता. त्यावर माझी पत्नी बसली होती. पानात भात, आणि त्यावर वरणाचे वरचे पाणी.

घट्ट डाळ आता आत्याला लागत होती ना!

पश्चिम आफ्रिकेत पूर्वी गोल्ड कोस्ट म्हणत त्या प्रदेशात, म्हणजे आजच्या घानात, सिसिली विल्यम्स या डॉक्टर काम करत होत्या. तेथे दोन-तीन वर्षांच्या मुलांना सूज येई, कातडी सोलून जखमा होत. त्यांनी १९३३ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९३५ साली त्याचे तिथल्या बायकांच्या तोंडचे नावही सांगितले : क्वाशिओरकॉर. गा भाषेतल्या या शब्दाचा अर्थ असा, की धाकटे भावंड आले म्हणजे थोरल्याला होणारा आजार. आईच्या दुधावरून जे हटवले जाते, त्याला तो होतो. त्या बायकांनी रोगाला नाव दिले ते सुजेवरून नव्हे, की व्रणांवरून नव्हे. कोणाची जागा गेली, यावरून दिले. आमच्या घरी जागा हटली नव्हती. तीवर बसणारे माणूस तेवढे बदलले होते.

मी पत्नीला विचारले, "हे काय?" ती म्हणाली, "अहो, कुणीतरी शेवटी बसायलाच हवं. नाहीतर वाढणार कोण?"

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो होतो, आणि त्यात मला कधी काही खटकले नव्हते. शेवटच्या पंगतीला बसणाऱ्या माणसाची दया येणे सोपे. शेवटची पंगतच नको, असे म्हणणे कठीण. कारण मग स्वतःला उठावे लागते. तेव्हापासून आमच्याकडे भांडी मध्ये ठेवतात आणि सगळे एकदम बसतात. ज्याला हवे त्याने घ्यावे, शेजारच्याच्या पानाकडे पाहून घ्यावे. पहिले काही दिवस मुलांनी कुरकुर केली. मीही मनातून केली. तव्यावरून पानात पडणारी पोळी ही काय चीज आहे, हे ज्याने चाळीस वर्षे खाल्ली त्यालाच विचारावे.

ॲन्सन नावाच्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने १७४० ते १७४४ या काळात जहाजांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या सैनिकाची हकीकत आहे. १६९० सालच्या बॉइनच्या लढाईत त्याला जखमा झाल्या होत्या. त्या भरून पन्नास वर्षे लोटली होती. प्रवासात ताजे अन्न मिळेनासे होऊन स्कर्व्ही जडला, तेव्हा त्या जखमा कधी भरल्याच नव्हत्या अशा पुन्हा उघडल्या. पन्नास वर्षांचा वणसुद्धा मेलेला नसतो. त्यातले जुने धागे झिजत असतात, नवे विणले जात असतात, आणि रोजच्या अन्नाने तो रोज भरावा लागतो. ते थांबले, की जुनी जखम पुन्हा तोंड उघडते.

म्हणून आत्याची जखम भरली, असे मी आता म्हणत नाही. ती भरत आहे, असे म्हणतो. यंदाही करंज्या होतील. आत्या तळणाशेजारी खुर्चीवर बसून सूचना देईल, झारा माझ्या हाती असेल. मग आम्ही सगळे एकदम जेवायला बसू. पोळ्या जरा गार असतात. पण चालते.